विंडोज ९८ मध्ये रॅम वाढवली आणि ‘मेमरी अपुरी’ म्हणून मशीन अडलं

प्रश्न थोडक्यात असा आहे: छापखान्यातलं जुनं पेंटियम ४ मशीन, त्यावर विंडोज ९८ सेकंड एडिशन, पानं जुळवायचं पेजमेकर आणि पॅरलल पोर्टवर (प्रिंटरच्या जुन्या जोडणीवर) लॉक, म्हणजे परवान्याची छोटी डबी, लावून चालणारं मराठी फॉन्टचं सॉफ्टवेअर. रॅम २५६ एमबी होती. मोठ्या फायली रेंगाळत उघडतात म्हणून ती काढून ५१२ एमबीच्या दोन स्टिक बसवल्या. तेव्हापासून विंडोज सुरू होताना काळ्या पडद्यावर निरोप येतो की विंडोज सुरू करायला मेमरी अपुरी आहे, मेमरीत बसून राहणारे प्रोग्रॅम बंद करा, कॉन्फिग.सिस आणि ऑटोएक्झेक.बॅट या फायलींतल्या अनावश्यक युटिलिटी काढा आणि मशीन पुन्हा चालू करा. प्रश्नकर्त्यांनी दोन्ही फायली रिकाम्या करून पाहिल्या, काही फरक नाही. आता विचारतात की रॅम खराब निघाली की बोर्ड गेला.

बहुतेक दोन्ही शाबूत आहेत. तुमच्याकडे रॅम कमी पडलेली नाही, ती विंडोज ९८ ला झेपेल त्यापेक्षा जास्त झाली आहे. निरोप मात्र उलटं सांगतो, आणि त्याच्या सांगण्यावरून कामाला लागलेला माणूस भलत्याच फायली साफ करत बसतो.

आधी खात्री करून घ्या. मशीन बंद करून पॉवरची वायर काढा आणि एक स्टिक काढून ठेवा. उरलेल्या ५१२ वर विंडोज सुरू झालं, की त्याच जागेवर दुसरी स्टिक लावून पुन्हा पाहा. दोन्ही वेळा नीट सुरू झालं, पण दोन्ही एकत्र लावल्यावर तोच निरोप आला, तर निदान झालं. रॅम खरंच खराब असेल तर लक्षणं वेगळी असतात. हायमेम.सिस हा ड्रायव्हर सुरुवातीलाच मेमरी तपासतो, आणि त्याला शंका आली तर अमुक पत्त्यावरची मेमरी भरवशाची नाही असा निरोप पत्त्यासकट देतो. किंवा मशीन दर वेळी वेगळ्याच ठिकाणी लटकतं, निळे पडदे येतात. तुमच्याकडे दर वेळी एकाच टप्प्यावर एकच निरोप येतोय. खराब रॅम इतकी शिस्तीत वागत नाही.

आता हे का होतं. विंडोज ९८ आलं तेव्हा घरगुती मशीनमध्ये ३२ किंवा ६४ एमबी रॅम असायची, किमान अट तर १६ एमबीची होती. डिस्कवरून वाचलेला मजकूर रॅममध्ये धरून ठेवणारा व्हीकॅश नावाचा ड्रायव्हर त्या हिशोबाने लिहिलेला आहे. विंडोज सुरू होताना तो रॅम किती आहे ते बघतो, त्यावरून आपला कॅश जास्तीत जास्त किती वाढू शकेल ते ठरवतो, आणि तेवढ्या कमाल आकाराचे पत्ते, म्हणजे मेमरीतल्या जागांचे क्रमांक, आधीच राखून ठेवतो. रॅम तो लगेच वापरत नाही, पण पत्ते अडवतो. एसटी फलाटाला लागली की खिडकीतून रुमाल टाकून जागा धरणारे असतात ना, तसं. सीट रिकामीच असते, पण दुसऱ्याला बसता येत नाही.

हे पत्ते अमर्याद नाहीत. ३२ बिटच्या विंडोजमध्ये एकूण पत्ते ४ जीबीचे. त्यातला सर्वांत वरचा १ जीबीचा पट्टा, म्हणजे सोळा-आधारी (० ते ९ आणि पुढे ए ते एफ) अंकांत सी००००००० पासून पुढचा, सिस्टीमच्या स्वतःच्या कोडसाठी आणि ड्रायव्हरांसाठी ठेवलेला आहे. व्हीकॅशही तिथेच जागा धरतो आणि एजीपी ग्राफिक्स कार्डाचं ॲपर्चर, म्हणजे कार्डाला रॅम वापरता यावी म्हणून राखलेला पत्त्यांचा पट्टा, तेही तिथेच बसतं. मायक्रोसॉफ्टने स्वतः दिलेल्या उदाहरणात व्हीकॅशने ८०० एमबी आणि ॲपर्चरने १२८ एमबी घेतले आहेत. १०२४ मधून ९२८ गेले, उरले ९६. एवढ्यात बाकीची सगळी सिस्टीम बसवायची, म्हणून ती सुरू होतानाच हात टेकते. रॅम २५६ असताना व्हीकॅशची भूकही तेवढीच लहान होती, त्यामुळे इतकी वर्षं काही जाणवलं नाही.

ही अडचण ५१२ एमबीच्या वर गेल्यावर उद्भवते. ७६८ एमबी असलेलं एक मशीन बिनतक्रार चालतं आणि दुसरं अडतं, हे ग्राफिक्स कार्ड, त्याचं ॲपर्चर आणि त्याचा ड्रायव्हर यांवर ठरतं. कार्डावर स्वतःची मेमरी जास्त असेल तर ड्रायव्हर तिच्यासाठीही याच पट्ट्यात पत्ते मागतो. म्हणून कुणी ‘माझ्याकडे तर चालतं’ म्हणाला तर तोही खोटं बोलत नसतो. १ जीबी किंवा त्याहून जास्त रॅमसाठी मात्र विंडोज ९८ आणि त्यानंतरचं विंडोज एमई बनवलेलेच नाहीत, हे मायक्रोसॉफ्टने स्पष्ट लिहिलं होतं. तुम्ही नेमके त्या सीमेवर आहात.

सर्वांत सोपा उपाय आधी सांगतो आणि माझं मतही तेच आहे: एक स्टिक काढून ठेवा. पेजमेकर ६.५ किंवा ७ ला ५१२ एमबी भरपूर आहे. २५६ वरून ५१२ वर गेल्यावर थोडा फरक जाणवेल, ५१२ वरून १ जीबीवर गेल्यावर काहीच जाणवणार नाही. फायली रेंगाळण्याचं कारण बऱ्याचदा रॅम नसतंच. जुनी डिस्क, तिचं बंद पडलेलं डीएमए (प्रोसेसरला न गुंतवता मजकूर थेट रॅममध्ये नेण्याची सोय) किंवा शेकडो फॉन्ट हे असतं. डिव्हाइस मॅनेजरमध्ये डिस्कच्या प्रॉपर्टीजमध्ये डीएमएच्या चौकटीत खूण आहे का ते आधी पाहा. ती नसेल तर प्रत्येक वाचनाला प्रोसेसर जुंपलेला असतो आणि मशीन म्हातारं वाटायला लागतं.

तरीही दोन्ही स्टिक ठेवायच्याच असतील, किंवा त्याच मशीनवर दुसऱ्या पार्टिशनमध्ये एक्सपी आहे आणि त्याला रॅम हवी आहे, तर सिस्टम.आयएनआय या फाइलमध्ये व्हीकॅशला मर्यादा घालावी लागते. पुढची नावं मी देवनागरीत लिहितो आहे; टाइप अर्थातच इंग्रजी अक्षरांत करायची.

हे काम एक स्टिक काढलेली असतानाच करा, म्हणजे विंडोज सुरू होईल आणि सगळं सरळ हाताने करता येईल. स्टार्टमधून रन, तिथे सिसएडिट लिहिलं की जुन्या पद्धतीचा एडिटर उघडतो आणि त्यात सिस्टम.आयएनआय समोरच असते. स्टिक काढणं शक्य नसेल तर मशीन सुरू होताना कंट्रोल कळ दाबून धरा, किंवा एफ८ दाबा. मेनू येतो, त्यातून ‘कमांड प्रॉम्प्ट ओन्ली’ निवडा. सीडी लिहून विंडोजच्या फोल्डरमध्ये जा, कॉपी कमांडने सिस्टम.आयएनआय ची एक प्रत वेगळ्या नावाने काढा, आणि एडिट लिहून मूळ फाइल उघडा. प्रत काढायला विसरू नका. या फाइलमधली एखादी ओळ चुकून उडाली तर विंडोज वेगळ्याच कारणाने अडेल आणि मग दोन आजार एकमेकांत मिसळतील.

फाइलमध्ये चौकटी कंसात व्हीकॅश असं शीर्षक शोधा. बहुतेक मशीनवर ते असतं, पण त्याखाली काहीच लिहिलेलं नसतं. नसेल तर शेवटी नवं लिहा. असेल तर त्याच्याखालीच लिहा, त्याच नावाचं दुसरं शीर्षक करू नका. दुसरं वाचलं जाईलच असं नाही. त्याखाली एकच ओळ: मॅक्सफाइलकॅश, मग बरोबरचं चिन्ह, मग आकडा. तिन्ही इंग्रजी शब्द सलग लिहायचे, मध्ये जागा नाही. कॅशचं स्पेलिंग सी-ए-सी-एच-ई. पैशाचा कॅश लिहिलेला आढळतो, आणि मग विंडोज ती ओळ निमूटपणे दुर्लक्षित करतं, चूक दाखवत नाही.

आकडा केबीमध्ये, साध्या दशमान पद्धतीत. अधिकृत कमाल ५२४२८८, म्हणजे ५१२ एमबी. ती कमाल आहे, शिफारस नव्हे. मी २६२१४४ पासून सुरुवात करतो, म्हणजे २५६ एमबी. तुमच्या कामाला १३१०७२ सुद्धा पुरेल. कॅश लहान केल्याने मशीन मंदावेल ही भीती इथे निराधार आहे. विंडोज ९८ वर सव्वाशे एमबीच्या वर कॅश भरेल एवढं वाचन तुमच्या रोजच्या कामात होतच नाही. आणि मर्यादा घातल्यावर उरलेली रॅम वाया जात नाही, प्रोग्रॅमना ती मिळतेच.

५१२ ते १ जीबीच्या मधल्या मशीनना एवढं पुरतं. तुमच्याकडे पूर्ण १ जीबी आहे, म्हणून दुसरी मर्यादाही घाला. ती चौकटी कंसातल्या ३८६एन्ह या विभागात जाते: मॅक्सफिजपेज बरोबर आकडा. यात फिज म्हणजे पी-एच-वाय-एस. ही मर्यादा कॅशवर नसून एकूण रॅमवर असते. तिच्या वरची रॅम विंडोज पाहतच नाही. आकडा पानांमध्ये मोजतात, एक पान ४ केबीचं, आणि तो सोळा-आधारी पद्धतीत लिहायचा असतो. ५१२ एमबी म्हणजे १,३१,०७२ पानं, सोळा-आधारीत २००००. ७६८ एमबीसाठी ३००००, १ जीबीसाठी ४००००. तुम्ही ३०००० लिहा. ग्राफिक्स बोर्डावरचंच असेल तर ते रॅममधला वाटा घेतं, पण ७६८ च्या मर्यादेला त्याने फरक पडत नाही.

गोंधळ होतो तो या दोन आकड्यांच्या अदलाबदलीत. मॅक्सफिजपेजपुढे ५२४२८८ लिहिलं तर विंडोज तो सोळा-आधारी समजतं, आणि ती मर्यादा वीस जीबीच्या वर जाते, म्हणजे मर्यादाच नाही. निरोप पुन्हा येतो आणि ‘उपाय चालत नाही’ असा निष्कर्ष निघतो. उलट मॅक्सफाइलकॅशपुढे २०००० लिहिलं तर कॅश जेमतेम वीस एमबीचा होतो. मशीन सुरू होतं, म्हणून चूक ध्यानात येत नाही, पण मोठी फाइल दुसऱ्यांदा उघडतानाही डिस्क खरखरत राहते.

मॅक्सफिजपेजची मर्यादा एमएसकॉन्फिगमधूनही घालता येते. जनरल टॅबवरच्या ॲडव्हान्स्ड बटणात मेमरी अमुक एमबीपर्यंत मर्यादित करण्याची चौकट आहे, तिथे एमबी लिहिले की सोळा-आधारी आकडा तोच करून घेतो. व्हीकॅशसाठी तशी चौकट नाही, ती ओळ हातानेच लिहावी लागते.

बायोसमध्ये चिपसेटच्या पानावर एजीपी ॲपर्चर साइझ पाहा. १२८ किंवा २५६ असेल तर ६४ करा. पेजमेकरला त्याचा काहीही तोटा नाही. अगदी ४ किंवा ८ वर मात्र आणू नका, काही कार्डांचे ड्रायव्हर त्यावर रुसतात.

सेफ मोडबद्दल एक सावधगिरी. तिथे विंडोज ३८६एन्ह हा विभाग वगळून सुरू होतं, म्हणजे मॅक्सफिजपेजची मर्यादा तिथे लागू होत नाही. त्यामुळे नेहमीच्या पद्धतीने मशीन छान सुरू होतं आणि काही महिन्यांनी ड्रायव्हर बदलण्यासाठी सेफ मोडमध्ये जायला जाल तेव्हा जुनाच निरोप समोर येऊ शकतो. घाबरू नका, एक स्टिक काढा, काम उरका, परत लावा. विंडोज नव्याने टाकायची वेळ आली तरी हेच करायचं: ५१२ किंवा कमी रॅमवर सेटअप पुरा करा, वरच्या ओळी लिहा, मग दुसरी स्टिक. १ जीबीवर थेट सेटअप चालवलं तर पहिल्या रीस्टार्टलाच अडण्याची शक्यता मोठी, कारण तोवर सिस्टम.आयएनआय मध्ये तुमची ओळ नसतेच.

आता विंडोज सुरू झालं पण डॉसची खिडकी उघडताना मेमरी कमी असल्याचा निरोप आला, तर समजा की आजार तोच आहे, फक्त अर्धा बरा झालाय. पट्ट्यात जागा अजून कमीच उरते आहे. मॅक्सफाइलकॅश निम्मं करा आणि पुन्हा पाहा. जुना बिलिंगचा डॉस प्रोग्रॅम तुमच्याकडे असेलच तर ही परीक्षा जरूर घ्या, नुसता डेस्कटॉप आला म्हणून सोडून देऊ नका.

पेजमेकर चालू असताना, चार-पाच फायली आणि फॉन्टचा प्रोग्रॅम उघडा असताना ‘आउट ऑफ मेमरी’ येत असेल तर ती गोष्ट पूर्ण वेगळी. विंडोज ९८ मध्ये खिडक्या, ब्रश, फॉन्ट यांच्या नोंदी ठेवणाऱ्या काही जागा ६४ केबीच्या ठरावीक मापाच्या आहेत, आणि रॅम कितीही घातली तरी त्या वाढत नाहीत. या जागा किती टक्के मोकळ्या आहेत ते दाखवणारा विंडोजचा रिसोर्स मीटर चालू ठेवा. आकडा पंधरा-वीस टक्क्यांवर आला की फायली सेव्ह करून मशीन रीस्टार्ट करायचं, दुसरा इलाज नाही. मराठी फॉन्टच्या पॅकेजमध्ये शेकडो फॉन्ट येतात आणि सगळेच टाकून ठेवायची सवय असते. विंडोज ९८ ला साधारण हजारभर ट्रू टाइप फॉन्टची मर्यादा आहे. लग्नपत्रिकेला लागणारे तीसचाळीस ठेवा, बाकीचे फोल्डरमध्ये बाजूला राहू देत.

आणि समजा, एका स्टिकवर, म्हणजे ५१२ वरही तोच निरोप येत राहिला? मग निरोपाचं शब्दशः खरं मानून पाहायची वेळ आली. मेनूतून कमांड प्रॉम्प्टवर जाऊन मेम लिहा, पुढे जागा सोडून तिरकी रेघ आणि सी, पुन्हा जागा, तिरकी रेघ आणि पी. पहिल्या ६४० केबीमध्ये कोण किती जागा खातंय याची यादी येते. सहाशेच्या आसपास केबी मोकळे दिसले तर तिथे दुखणं नाही. पाचशेच्या खाली असतील तर सीडीरॉमचा डॉस ड्रायव्हर आणि एमएससीडीएक्स, जुना नेटवर्कचा ड्रायव्हर, डॉसमधलं कीबोर्डचं एखादं सॉफ्टवेअर असं काही तरी बसलेलं असतं. विंडोज ९८ ला स्वतःची सीडी वाचायला त्यातलं काहीही लागत नाही. ओळी पुसण्याऐवजी त्यांच्या सुरुवातीला आरईएम लिहून निष्क्रिय करा, एकेक करून. तुम्ही दोन्ही फायली रिकाम्या केल्याचं लिहिलं आहे. लॉकचा ड्रायव्हर कॉन्फिग.सिस मधून लोड होत असेल तर त्याची ओळही गेली असेल, ती जुन्या प्रतीतून परत आणा. नाहीतर विंडोज सुरू होईल आणि फॉन्टचं सॉफ्टवेअर लॉक सापडत नाही म्हणून बसेल.

बोर्डाच्या मर्यादेकडेही एक नजर टाका. इंटेलच्या ८१५ चिपसेटचे बोर्ड ५१२ एमबीच्या पुढे जातच नाहीत. त्याहून जुन्या ४४०बीएक्स वर २५६ एमबीची स्टिक लावली आणि ती आठच चिपांची असली तर निम्मीच दिसते, तिथे सोळा चिपांची लागते. सुरू होताना बायोस जो आकडा मोजून दाखवतो तो घातलेल्या रॅमशी जुळला पाहिजे. जुळत नसेल तर स्टिकचे सोनेरी संपर्क साध्या खोडरबराने हलके पुसून पुन्हा नीट बसवा.

विंडोजच्या मूळ फायलींतच दुरुस्ती करून व्हीकॅशची ही खोड काढणारे पॅच अनुभवी लोकांनी तयार केले आहेत आणि त्यांनी १ जीबीच्या वरही विंडोज ९८ चालतं. हौसेच्या मशीनसाठी ते उत्तम. ज्यावर रोजची कामं अडलेली आहेत त्या मशीनवर सिस्टीमच्या फायली बदलणं मला पटत नाही, विशेषतः दोन ओळींत काम भागत असताना.

‘हे सगळं नव्या कॉम्प्युटरवर व्हर्च्युअल मशीनमध्ये का नेत नाही’ असं कुणी तरी सुचवेलच. फॉन्टचं सॉफ्टवेअर लॉकशिवाय चालत असतं तर मीही तेच म्हणालो असतो. पॅरलल पोर्टचे लॉक ३७८ या सोळा-आधारी पत्त्यावरच्या पोर्टशी थेट बोलतात. यूएसबीवरून पॅरलल करणारी वायर फक्त प्रिंटरपुरती असते, तो पत्ता ती देत नाही, त्यामुळे लॉक तिच्यावर ओळखला जात नाही. म्हणून हे मशीन जपायचं. त्यासाठी रॅमपेक्षा डिस्कची चिंता जास्त करा. सगळ्या फायलींची आणि विंडोजच्या पूर्ण फोल्डरची प्रत आजच दुसरीकडे काढा. डिस्क बदलायची झाली तर १३७ जीबीच्या आतली घ्या, कारण विंडोज ९८ चा मूळ डिस्क ड्रायव्हर त्यापुढचे पत्ते ओळखत नाही आणि ती रेषा ओलांडून लिहायला गेला की डिस्कच्या सुरुवातीचा मजकूर खराब करतो.

दोन्ही ओळी लिहूनही अडलं तर चार गोष्टी कळवा: बोर्डाचा चिपसेट, ग्राफिक्स कार्ड आणि त्यावरची मेमरी, बायोसमधलं ॲपर्चर, आणि सिस्टम.आयएनआय मधले व्हीकॅश व ३८६एन्ह हे दोन विभाग जसेच्या तसे. निरोपाचा फोटो नको, तो पाठ आहे.